शमाचं चाक

“मी कप्तान नाही, तर मग कोण, वस्ताद?”

केतकीनं भर मैदानात सगळ्यांसमोर विचारलं. मिरजेच्या दस्तगीर वस्तादांकडं सायकल शर्यत शिकणाऱ्या पोरींत तिच्याएवढी वेगवान दुसरी नव्हती, आणि हे तिला जरा जास्तच चांगलं ठाऊक होतं. उद्या घाटाची सांघिक शर्यत. कप्तानाचं नाव वस्तादांनी अजून उच्चारलं नव्हतं.

वस्ताद वाकून तिची सायकल बघत होते.

“ब्रेक कुणी लावला?”

“मीच. रिम आणि रबर यांच्यात कागदसुद्धा जाणार नाही. बोट टेकवलं की सायकल जागच्या जागी.”

“झकास,” वस्ताद म्हणाले. मनापासून म्हणाले. नेटकं काम दिसलं की त्यांना कौतुक लपवता येत नसे.

केतकीची मान आणखी ताठ झाली.

“आता असं समज, घाटात तुझं पुढचं चाक पंक्चर झालंय.”

“माझं होत नाही.”

“खिळ्याला तुझं नाव ठाऊक नसतं, बाई.”

वस्तादांच्या संघाचा रिवाज सगळ्यांना पाठ होता. कप्तानाचं चाक गेलं की मागून येणाऱ्या सोबतिणीनं आपलं काढून द्यायचं आणि स्वतः रस्त्याच्या कडेला उभं राहायचं.

वस्तादांनी शमाकडं नुसतं पाहिलं.

शमा शिकलगार. सपाट रस्त्यावर केतकीच्या पुढं राहून सगळा वारा अंगावर घेणारी. तिनं आपलं पुढचं चाक काढलं, ओढणीनं पुसलं आणि केतकीपुढं धरलं.

केतकीनं आपलं चाक काढून बाजूला ठेवलं आणि शमाचं लावायला घेतलं. जाईना. भरलेला टायर ब्रेकच्या रबरांत अडकला. रबरं फाकवायला तिनं ब्रेकची खिट्टी उघडली. तरी जाईना. दातओठ खात तिनं टायरची हवा सोडली, चाक कसंबसं बसवलं, पंप मारला, खिट्टी लावली. फिरवलं...

फिरलंच नाही. शमाची रिम केसभर जास्त रुंद होती. रबरांनी ती दोन्हीकडून घट्ट धरून ठेवली.

“हिचं चाकच जाड आहे!”

“सगळ्यांची तसलीच हैत. तुझं एकटीचं बारीक,” वस्ताद म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला कुणाचं चाक लागणारच नाही, वस्ताद. मी माझ्या दमावर जिंकते. आणि हवं तर शमाला करा कप्तान! तिचं पंक्चर झालं तर माझं चाक मी देईन. माझं कुणाच्याही सायकलीत जातं.”

“द्यायला तयार हैस... दिसतंय की. पण घ्यायला?”

एवढंच बोलून वस्तादांनी खिशातला पाना काढला आणि तिच्यापुढं जमिनीवर ठेवला.

...

शमा एका चाकाची सायकल तोलून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रारही नव्हती. केतकीला नेमकं तेच सोसेना. उद्या घाटात खरंच तशी वेळ आली असती, तर या पोरीनं अशीच आपली शर्यत सोडून चाक पुढं धरलं असतं, आणि ते दोघींच्याही कामाला आलं नसतं.

केतकीला रडू फुटत होतं. पण सगळ्यांसमोर रडेल ती केतकी कसली! तिनं पाना उचलला, ब्रेकच्या वायरीच्या नटाला लावला आणि वर न बघता विचारलं,

“किती ढिला करू, वस्ताद?”

वस्ताद मैदानाच्या फाटकाकडं चालू लागले होते. थांबले, पण मागं वळले नाहीत.

“मला काय विचारतीस, कप्तान? शमाला विचार.”