गटारातलं तीर्थ

“आणखी काय राहिलं, अव्वा? तुम्हीच सांगा की!”

महानंदा हत्तुरेनं हे विचारलं तेव्हा तिचा पदर कमरेला खोचलेला होता आणि आवाज पार फाटकापर्यंत जात होता. सोलापुरात टॉवेलचे कारखाने पुष्कळ, पण आपल्यासारखी मालकीण एकच, असं तिचं तीच म्हणायची.

समोर खुर्चीत अव्वा बसल्या होत्या. हत्तुरे घराण्याच्या गुरू. गुडघे धरलेले, अंगावर जाडीभरडी इरकल, कपाळाला भस्म. पौषातल्या सकाळी मठातनं रिक्षानं आणलं होतं त्यांना.

“दिवे बदलले. छपरावर सोलर बसवलं. माझे माग उन्हावर चालतात, अव्वा, उन्हावर! राहिला बॉयलरचा धूर. त्याच्या बदल्यात लांबच्या माळावर झाडं लावून घेतली. धुरातनं झाडं वजा, बाकी शून्य. नेट झिरो म्हणतात त्याला.”

“कोण म्हणतं?”

“सगळं जग म्हणतंय! परदेशातलं गिऱ्हाईक म्हणतं, शून्यावर आलात तरच तुमचा टॉवेल घेऊ. आज त्यांची बाई येणार बघायला. पसंत पडलं तर वर्षभर माग थांबायचे नाहीत. नाही पडलं तर...”

ती थांबली. आतून मागांची खडखड येत होती. नाही पडलं तर त्यातले निम्मे माग बंद, आणि त्यांच्यावरची माणसं घरी. पण मालकिणीनं चारचौघांत रडगाणं गायचं नसतं.

फाटकात लोखंडी नळ्यांची कमान उभारली होती, झेंडूनं मढवलेली. भिंतीवर फलक होता आणि फलकावर चादर. चादरीखाली काय लिहिलंय ते साऱ्या कामगारांना पाठ होतं. ‘हा कारखाना शून्यावर आला आहे.’

“चादर तुम्ही ओढायची,” महानंदा म्हणाली. “त्याआधी पादपूजा. तुमच्या पायांचं तीर्थ बॉयलरवर शिंपडलं की मी सुटले.”

“बॉयलरवर का गं?”

“तोच एक खोडीचा आहे मेला.”

अव्वा गालात हसल्या. “पाय गार पडलेत माझे...”

“पाणी तापवून आणते. हलू नका.”

गुरूचे पाय धुवायचे, ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं, आणि त्याचा थेंबसुद्धा पायदळी पडू द्यायचा नाही. महानंदाच्या घरात ही रीत कधी मोडली नव्हती. कोमट पाण्याचा तांब्या घेऊन ती परत आली.

खुर्ची रिकामी.

“अव्वा?”

कार्यालयात नाहीत. मागांपाशी नाहीत. फलकापाशी नाहीत. शेवटी ती कारखान्याच्या मागल्या अंगाला गेली. तिकडं पाहुण्याला कोणी नेत नाही. छप्पर सगळे मिरवतात, मोरी कोण मिरवतं?

गटाराच्या काठावर दगड होता. दगडावर अव्वा. लुगडं गुडघ्यापर्यंत सावरलेलं, दोन्ही पाय गटारात, चेहऱ्याभोवती वाफ.

“अव्वा! काय करायलात हे!”

“पाय शेकते की. मठात घोटभर गरम पाण्याला चूल फुंकावी लागते. तुझ्याकडं नुसतं वाहतंय.”

भिंतीतनं एक नळी बाहेर आली होती. बॉयलरची वाफ आत जाते, ओले टॉवेल वाळवते, थकते, पाणी होते आणि इथं येऊन पडते. कैक वर्षं पडत होती.

“घाण पाणी आहे ते!”

अव्वांनी ओंजळ भरून पुढं केली. “नखं दिसतात बघ माझी.”

दिसत होती.

महानंदानं तांब्या सरसावला. “बरं, पाय वर घ्या. पूजा करते.”

“झाले की धुवून.”

“आणि तीर्थ?”

अव्वांनी काठी गटाराच्या वळणाकडं केली. “ते बघ... चाललं.”

महानंदा वळणापर्यंत धावली. गुरूच्या पायाचं पाणी, आणि पुढं रस्त्यावर डुकरं लोळतात त्यात! आईनं वरनं पाहिलं असतं तर तिथनं चप्पल फेकली असती.

“तीर्थ सांडायचं नसतं, अव्वा!”

“मग सांडू नको.”

“पण थांबतंय कुठं हे! दिवसभर वाहतंय!”

“होय की...”

“एवढं नेऊ तरी कुठं?”

अव्वांनी डोळे मिटले. बोटं पाण्यात हलली.

“आलं कुठनं?”

महानंदानं नळीकडं पाहिलं. नळीवरनं भिंतीकडं. भिंतीपलीकडं बॉयलर, आणि बॉयलरच्या डोक्यावर काळा धूर. तिथं भट्टीवाला सिद्राम बॉयलरच्या टाकीत बोअरचं पाणी सोडत होता. या वाफेपुढं गारच. कोळसा घालघालून ते पहिल्यापासनं तापवायचं. इकडं गरम ओतून द्यायचं, तिकडं गार ओतून घ्यायचं. मधी एक भिंत.

“अगं बाई गं!”

तांब्या हातातनं सुटला, ठणठणत गेला.

“मौलाली! अरे ए मौलाली! पाने घेऊन पळत ये!”

फिटर मौलाली धावत आला. काय करायचं ते ऐकून त्यानं डोकं खाजवलं. “करू की, अक्का. पण नळ्या नाहीत शिल्लक. उद्या मागवतो.”

“उद्या कशाला? कमान कशाची आहे?”

“...नळ्यांचीच.”

“मग उपट!”

“अक्का, पाहुणे यायचेत...”

“पाहुणे काय कमान खायला येणारेत? उपट म्हणते ना!”

झाली की हो धांदल! कमान आडवी झाली, झेंडू चहूकडं उधळला. नळी भिंतीतनं पार टाकीत नेली, सांध्याला रबर आवळलं, तारेनं बांधलं. मालकीण स्वतः एक टोक धरून उभी, साडी भिजलेली, गालाला कोळसा.

“नुसती ठेवू नका! सेकंडचे, डागी टॉवेल आणा, गुंडाळा! बाळंतिणीला गुंडाळतात तशी! वारं लागता कामा नये!”

हसता हसता बायकांनी नळीला टॉवेल गुंडाळले. एकीनं वर गाठ मारून म्हटलं, “आता हिला डिंकाचा लाडू द्या.”

थोड्या वेळानं सिद्राम ओरडला. “अक्का! हात लावा टाकीला!”

टाकी कोमट झाली होती. मग ऊन झाली. महानंदानं आधी तळवा टेकवला, मग गालच टेकवला. आतले कामगार आळीपाळीनं आले, हात लावून गेले, देवाला लावावा तसा. सिद्रामनं फावडं भरलं, भट्टीकडं पाहिलं आणि अर्धं परत टाकलं.

“खादाडाची भूक मेली, अक्का!”

वर धूर पातळ झाला होता. महानंदाला नाचावंसं वाटलं. ती थोडी नाचलीही.

“अव्वा! गटार आटलं! चला, ओढा चादर!”

दगडावर कोणी नव्हतं.

आणि तेवढ्यात फाटकात गाडी वाजली.

गिऱ्हाइकाच्या मुंबईच्या कार्यालयातल्या डिमेलोबाई उतरल्या. पांढरे बूट, हातात वही. त्यांनी तुडवलेला झेंडू पाहिला, चिंब मालकीण पाहिली.

“इथं काही अपघात झाला का?”

“झाला! या, हात लावा!” महानंदानं त्यांना मनगट धरून टाकीपाशी नेलं. एका दमात सगळं सांगितलं. पाय, तीर्थ, कमान, सगळं.

डिमेलोबाईंनी टाकीला हात लावला. “छान आहे. म्हणजे तुम्ही शून्यावर आलात. तसं लिहू?”

त्यांनी पेन उघडलं.

कामगार जागच्या जागी थांबले. ‘हो’ महानंदाच्या ओठावर आलं होतं. एवढासा शब्द. वर्षभराचे माग त्याच्यावर टांगलेले.

तिची नजर अव्वांना शोधत होती. आणि अव्वा दिसल्या.

पलीकडं, रंगखात्याच्या मोरीवर. तिथनंही वाफ निघत होती. धुवणीचं फिकट गुलाबी पाणी, त्यात दोन पाय, आणि डोळे सुखानं मिटलेले.

महानंदानं मनात एक शिवी हासडली. अव्वांना नाही, स्वतःला.

“नाही,” ती म्हणाली. “नका लिहू.”

“काय?”

“अजून नाही आले. ते बघा, तिथंही माझा कोळसाच वाहतोय. आणखी कुठं कुठं वाहतोय ते मला ठाऊक नाही. मी नुसती झाडांच्या आड लपले होते... मौलाली, फलक खाली घे. एकेक भोक शोधून बुजवीन, बाई. घ्यायचा तर असल्या बाईचा टॉवेल घ्या.”

माग तेवढे खडखडत होते.

डिमेलोबाईंनी पेनाला टोपण लावलं. चालत मोरीपाशी गेल्या. वाकून पाण्याला बोट लावलं, चटकन मागं घेतलं. मग काय वाटलं कोण जाणे... त्यांनी बूट काढले. मोजे काढले. अव्वांच्या शेजारी बसल्या आणि पाय आत सोडले.

महानंदा जीव मुठीत धरून चार पायांकडं बघत राहिली. सगळा कारखाना बघत राहिला.

अव्वांनी एक डोळा उघडला.

“उभी काय राहिलीस, नंदे? टॉवेल आण. तुझा माल बघू दे तिला.”