सभापतींच्या पुढची गाडी

सभापती दिनकररावांनी पाच-सहा कार्यकर्त्यांसह आपली नवीकोरी काळी गाडी मंगल खोतच्या कार-पॉलिशच्या दुकानात आणली. "रंग टिकवायला वरून पारदर्शक फिल्म लावू की सिरॅमिक कोटिंग? एकच सांग. चुकलीस तर तालुक्यातली एकही गाडी तुझ्या दारात येणार नाही."

मंगलला त्यांच्या जुन्या गाडीचं खडे लागून टवके उडालेलं बॉनेट आठवलं. तिनं विचारलं, "साहेब, रस्त्यात तुमच्या पुढे कुणाची गाडी असते?"

"माझ्या पुढे? कुणाची हिंमत आहे?"

"मग चकाकीपुरतं सिरॅमिक बास. खडे उडतात पुढच्या गाडीच्या चाकांमुळे. ते झेलायला फिल्म लागते, पण ती मंत्र्यांच्या ताफ्यामागे धावणाऱ्यांना."

कार्यकर्ते छताकडे बघू लागले. सभापतींनी त्यांना चहाला पिटाळलं आणि हळू आवाजात विचारलं, "फिल्म कधी लावून देशील?"