जुन्या सुताची टोकं

"ते सगळं खरं, माई. पण पुढची पाच वर्षं बाजारात चालणार काय, तेवढं सांगा ना."

माई हातमागावर सुताला गाठ मारत होत्या. एक मारली, दुसरी घेतली.

उमाकांत गावंडे सकाळपासून हेच विचारत होता. पहाटेची एसटी धरून नागपूरहून आश्रमात आलेला माणूस. त्याचा हिशेब असा, की अर्ध्या तासात उत्तर घ्यायचं आणि दुपारच्या गाडीनं परत. इथं उत्तर राहिलं बाजूला, बाईंनी अजून मानसुद्धा वर केली नव्हती.

तो काही आपणहून आला नव्हता. बायकोनं पाठवला होता. कांचन लहानपणी याच आश्रमाच्या शाळेत शिकली. जेवायला बसलं की नवऱ्याचं सुरू, कोणतं क्षेत्र वर चाललंय आणि कोणतं खाली. ऐकून ऐकून तिचे कान किटले, तेव्हा ती म्हणाली, "माईंना जाऊन विचारा एकदाचं. मला विचारू नका."

माई आश्रमातल्या सगळ्यात वडील. जन्मभर सूत कातलं, कापड विणलं, मुलं शिकवली. बोलायच्या कमी, आणि बोलायच्या त्या आपल्या वऱ्हाडीतच.

"माई, ऐकताय ना?"

"कान हायेत मले."

"मग नीट सांगतो. आमचं गोदाम महिनाअखेर बंद होतंय. सगळं काम यंत्रं करणार. म्हणजे मी रस्त्यावर. पण हे मला आधीच दिसलं होतं बरं का. म्हणूनच मी बाजाराचा अभ्यास केला."

अभ्यास केला, हे कबूल करायला हवं. लोक म्हणाले डिजिटल मार्केटिंग, यानं त्याचा कोर्स केला. कोर्स संपेपर्यंत लोक डेटाकडे वळले, तर हाही वळला. डेटाचं सर्टिफिकेट हातात पडतंय तोवर जो तो एआयचं नाव घेऊ लागला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि या घोड्याला वाटे, आपणच वरातीच्या पुढे आहोत.

"एआय तरी टिकेल का, माई? की आणखी काही येतंय?"

माईंनी हातातली गाठ आवळली.

"उद्या मुलाखत आहे माझी. ही गेली तर दुसरी नाही. पोरगी बारावीला आहे. याआधीच्या सगळ्या गेल्या."

"काऊन गेल्या?"

माईंनी पहिल्यांदाच काही विचारलं. उमाकांत सरसावून बसला.

"वय, दुसरं काय. चाळिशीचा फ्रेशर कुणाला हवाय?"

"इतकी वर्षं काय करत होता?"

उमाकांतनं कपाळावर हात मारून घेतला.

"झालं. तुम्हीही तेच. तिथंसुद्धा पहिला प्रश्न हाच असतो. मी त्यांना सांगतो, ते सोडा, ते संपलं. गोदामाला आता कोण विचारतं? मी ते पार पुसून टाकलंय. पाटी कोरी. नव्या क्षेत्रात जायचं तर मागचं ओझं कशाला वागवायचं?"

माईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पुन्हा खाली बघून गाठ मारली.

उमाकांतच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडीभाडं खर्चून, रजा टाकून माणूस यावा, आणि समोरच्यानं दोऱ्याला गाठी मारत बसावं. बरं, गाठी तरी किती. मागावरचं जुनं कापड विणून, कापून केव्हाच गेलं होतं. त्याच्या सुताची टोकं तेवढी मागात राहिली होती, वीतभर लांब, फणीच्या दातादातातून आणि तिच्यामागच्या दोऱ्याच्या फासाफासातून ओवलेली. माई त्यातलं एक टोक घ्यायच्या, नव्या सुताचं एक घ्यायच्या, चिमटीत पिळून दोन्हींची गाठ मारायच्या. मग पुढचं. निम्मा माग झाला होता आणि निम्मा राहिला होता.

"माई, काहीतरी बोला हो."

"हे धर."

त्यांनी नव्या सुताची लड त्याच्या हातात दिली. धरली बापड्यानं. न धरून सांगतो कुणाला? कांचननं बजावलं होतं, माईंशी वाद घालायचा नाही.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"मी पंगतीत वाढून येतो. बस तू."

बस म्हणे. उमाकांत बसला, उठला, पुन्हा बसला. या गतीनं गाठी मारल्या तर उद्याची मुलाखत इथंच, मागापाशी द्यावी लागेल, असं त्याच्या मनात आलं. त्यानं मागाकडे निरखून पाहिलं, आणि त्याचे हात शिवशिवू लागले.

कारण काहीही म्हणा, गोदामाच्या कामात उमाकांतचा हात धरणारा कुणी नव्हता. नवी गाडी दाराशी लागली की जुना माल आधी बाहेर, जागा मोकळी, मगच नवा आत. हे त्याच्या रक्तातच होतं. आणि इथं पाहावं तर नवं सूत दाराशी खोळंबलेलं, आत मात्र जुनी टोकं अडून बसलेली. कामाला उशीर होणार नाही तर काय?

त्यानं एक टोक ओढलं. सुळकन बाहेर आलं.

दुसरं ओढलं. मग मूठ मूठ ओढली.

राहिलेला निम्मा माग त्यानं बघता बघता साफ केला. निघालेल्या सुताची नीट गुंडाळी केली. केरसुणी दिसली तर खालची धूळही काढली. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. आपण अजून कामाचे आहोत, असं वाटत होतं.

माई आल्या. दारातच थांबल्या.

"हे कोनं काढलं?"

"मी. जुनंच होतं ना. कापड तर कधीच गेलं. म्हटलं, नव्याला जागा होईल."

माई हळूहळू येऊन बसल्या. फणीच्या रिकाम्या दातांवरून त्यांनी बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कुठं शिकला हे?"

"गोदामात." बोलून गेला तो. आणि एकदा बोलला तसा थांबेना. "जुना माल आधी बाहेर, हा पहिला नियम. सणासुदीला गाड्यांची रांग लागायची, पण माझ्याकडे कधी एक खोकं अडकलं नाही, माई. कुठला माल कुठं ठेवला की हमालाची फेरी वाचते, कुठला माल आधी सडतो, झोपेतून उठवलं तरी सांगेन. साहेब लोक दुसऱ्या गोदामांतून बघायला यायचे."

हा माणूस सकाळपासून पहिल्यांदा बाजार सोडून काही बोलत होता.

माई ऐकत होत्या. तो बोलायचा थांबला, तेव्हा त्यांनी नव्या सुताचं एक टोक त्याच्या बोटांत दिलं.

"घे. बांध."

"मी?"

"तूच."

उमाकांत मागावर वाकला. डावीकडे माईंनी बांधलेली सुतं ओळीनं ताणलेली होती. उजवीकडे फणीचे दात मोकळे, त्यांतून पलीकडची भिंत दिसत होती. त्यानं टोक इकडे नेलं, तिकडे नेलं. एका दातातून घालून पाहिलं, ते मागच्या फासापर्यंत पोचेना. पोचलं तर तो फास भलत्याच दाताचा निघाला.

"माई, हे सगळं आता… एकेक करून नव्यानं ओवायचं?"

"बांध म्हनलं ना मी."

"पण कशाला बांधू?"

माईंनी फणीच्या मोकळ्या दातांकडे बोट केलं.

"कशाला बांधू, माई? याला जोडायला आधीचं काही राहिलंच नाही."

माईंनी चष्मा काढला. पदरानं सावकाश पुसला. पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"उद्या त्यायनं मागचं इचारलं, तर असंच सांगजो."