मुका लिलाव

जरा कडेला या मंडळी, पाट्या घेऊन बाया येतायत. हा तांडेल धक्का. रोज सकाळी इथं मासळीच्या लिलावाचा एवढा गलका असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण फेब्रुवारीतल्या एका सकाळी इथला लिलाव मुक्यानं होतो. बोली बोटांवर, होकार मानेनं. असं का, ते कुठं लिहिलेलं नाही. माझी आत्या सांगायची, तसं सांगतो.

शेहेचाळीस साली बंदरातल्या हिंदी खलाशांनी गोऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केलं. गोळीबार झाला त्या दुपारी एक जखमी खलाशी पोहत या पायऱ्यांना लागला, म्हणे. पायरीवर चांगुणा तांडेल बोंबील वाळत घालत होती. तिचा एकुलता मुलगा जोमा दोन वर्षांपूर्वी वादळात होडीसकट गेला होता. तिनं खलाशाला वर ओढलं, त्याचा गणवेश दगड बांधून पाण्यात सोडला आणि त्याला जोमाचे कपडे घातले. तो काहीतरी बोलला. बोली दूरच्या मुलखातली, तिला कळेना. ही बोली कुणी ऐकली तर हा पकडला जाणार, एवढं मात्र कळलं. तिनं त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

तेव्हापासून तो मुका झाला. चांगुणा त्याला जोमा म्हणायची. खरा जोमा अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक होता, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

बंड मोडलं, धरपकड सुरू झाली. पाचव्या दिवशी ऐन लिलावात एक गोरा अधिकारी शिपाई घेऊन आला. तरण्या पुरुषांना रांगेत उभं करून एकेकाला नाव विचारू लागला. खलाशाची पाळी आली तशी चांगुणा पुढं झाली.

"माजा पोऱ्या हाय, सायेब. जल्माचा मुका."

अधिकाऱ्यानं खूण केली. शिपायानं बुटाची टाच त्या पोराच्या अनवाणी पायावर रोवली. नख फुटलं, डोळ्यांत पाणी आलं. आवाज आला नाही.

मग अधिकारी बायांकडं वळला. "हा हिचाच मुलगा का?"

नाही म्हणावं तर पोरगा गेला. होय म्हणावं आणि खोटं उघडं पडलं, तर वाडीच्या वाडी तुरुंगात. लिलाव पुकारणारी भागीरथी सगळ्यांत मोठ्या आवाजाची. तिनं चांगुणाकडं पाहिलं, तोंड मिटलं आणि हातानं पुढची पाटी दाखवली. एकीनं तीन बोटं वर केली. दुसरीनं चार. बघता बघता सगळा धक्का हातांनी बोलू लागला. अधिकारी ओरडला, एकीला दंड धरून हलवलं. कुणी तोंड उघडेना. शेवटी तो कंटाळून रिकाम्या हातानं निघून गेला, असं सांगतात.

पुढं दीड वर्षानं राज्य बदललं. बातमी आली तशी चांगुणानं त्याचे हात धरले. "आता बोल रं, पोरा."

 तो इतकंच म्हणाला, "गुलशेर."

दीड वर्ष तिच्या ताटात जेवलेल्या पोराचं नाव तिला तेव्हा कळलं.

त्याचं गाव आता सीमेपलीकडं गेलं होतं. तो घरच्यांना शोधायला गेला. त्याचं पत्र कधी आलं नाही.

आजही त्या सकाळी शेवटची पाटी उचलली की धक्क्यावरची सगळ्यांत म्हातारी कोळीण समुद्राकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारते, "गुलशेर!" थोडा वेळ वाट बघते. मगच बाया बोलायला लागतात.