कुकरची चौथी शिट्टी

भांडी माणसांपेक्षा जास्त बोलत असत, तेव्हाची गोष्ट. देशोदेशीच्या भांड्यांची गाण्याची स्पर्धा भरली. आपल्याकडून कुकर गेला. त्याचं हे पहिलंच गाणं, आणि चौथ्या शिट्टीला त्यानं अशी तान बसवली होती की ऐकणाऱ्यांची झाकणं उडावीत.

विलायती किटली तासभर गायली, रशियन समोवार त्याहून जास्त. परीक्षक असलेलं घंगाळ पेंगायला लागलं.

मग कुकर गॅसवर चढला. तिसरी शिट्टी झाली आणि सोबत आलेल्या सांडशीनं सवयीनं गॅस बंद केला.

“अगं, माझी तान राहिली की,” कुकर फणफणला.

“वरणभाताला तीनच होतात,” सांडशी म्हणाली.

तेवढ्यात घंगाळानं निकाल दिला, “पहिला नंबर कुकरचा. कुठं थांबावं हे त्या एकट्यालाच कळलं.”

“रियाज आहे तेवढा,” कुकर नम्रपणे म्हणाला आणि सांडशीकडे बघायचं त्यानं टाळलं.