नगराध्यक्षांचा काळा मॉनिटर

नगराध्यक्ष रणधीर खराडे लॅपटॉप घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले, तेव्हा सायरा काउंटरमागे उठून उभी राहिली. त्यांच्या मुलीसाठी हा गेमिंग लॅपटॉप तिनेच विकला होता.

"मोठ्या मॉनिटरवर चित्रच येत नाही! संध्याकाळपर्यंत दुकानाला टाळं लावतो!" ते गरजले. मालक कपाटाआड सरकले.

सायराने भीतभीत दुकानातला मॉनिटर पुढे ओढला. "साहेब, केबल कुठे लावली होती?"

त्यांनी लॅपटॉपच्या डाव्या बाजूच्या पोर्टावर बोट ठेवलं.

"त्यातून फक्त चार्जिंग होतं. चित्र उजव्या पोर्टातून येतं."

"दोन्ही हुबेहूब सारखे आहेत, मग एकातून येतं आणि दुसऱ्यातून नाही, हे कसं? मला शिकवतेस?"

सायराच्या तोंडून शब्द निघून गेले. "साहेब, गावातले नळही सारखेच आहेत. पाणी मात्र टाकीला जोडलेल्या नळालाच येतं."

नोकरी गेलीच, असं वाटून तिने डोळे मिटले.

खराड्यांनी केबल उजवीकडे लावली. मॉनिटर उजळला.

"राहतेस कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

"बागवान गल्लीत." तिने चाचरत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घराच्या दारावर थाप पडली. जीव मुठीत धरून तिने कडी काढली, तर नगरपालिकेची माणसं नळाचे पाइप खांद्यावर घेऊन उभी होती.