संघाचे की प्रेक्षक?

हेमलता खरमाटे एकेकाळी जिल्ह्याच्या संघातून बास्केटबॉल खेळायची. गुडघा मोडला आणि ती शाळांच्या सामन्यांत पंच झाली. चेंडू जवळून गेला की तिचे हात अजूनही आपसूक पुढे होत.

मिरजेतल्या अंतिम सामन्यात यजमान शाळेचे अध्यक्ष अण्णासाहेब कुरणे आपल्या संघातल्या मुलींच्या बाकावर बसून आरडाओरडा करत होते. तिने एकदा ताकीद दिली. गुण बरोबरीत होते, दोन मिनिटं उरली होती, तरी ते पुन्हा गरजले, "पंचबाई, डोळे आहेत की नाहीत?"

तिने खेळ थांबवला. "आता टेक्निकल फाउल द्यावा लागेल."

अण्णासाहेब हसले. "मी ना खेळाडू, ना प्रशिक्षक. मला कसला फाउल देता?"

"मग या बाकावर तुमची जागाच नाही. संघाचे असाल तर तुमच्या फाउलबद्दल समोरच्या संघाला फ्री थ्रो, म्हणजे फुकटात गुणाची संधी मिळेल. नसाल तर प्रेक्षकांत बसा. काय ते तुम्हीच सांगा."

मुली त्यांच्याकडे बघत राहिल्या. अण्णासाहेब उठले. जाताना हळूच म्हणाले, "शाळेत असताना या बाकावर मला कुणी कधी बसवलंच नाही हो."

हेमलताने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "मलाही तिथंच बसावंसं वाटतं, अण्णासाहेब," ती म्हणाली आणि तिने शिट्टी ओठांना लावली.